चार नंबरच्या टाकीची पाटी

१

टाकी जागेवर होती. पाटी तेवढी गेली होती.

चार नंबरच्या टाकीच्या जिन्यापाशी पाच माणसं उभी होती आणि पाचही जणांची नजर एकाच चौकोनावर होती. जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी पत्रा वेल्ड करून बसवला होता आणि त्या पत्र्यावर काल संध्याकाळपर्यंत पितळेची पाटी होती. वहीएवढी, करंगळीच्या जाडीची, ओतीव. आता तिथं नुसता मलई रंग उरला होता, आजूबाजूच्या विटक्या रंगापेक्षा तुकतुकीत.

पाटी म्हणजे टाकीचा जन्मदाखला. कोणी बांधली, कोणत्या मानकाप्रमाणे बांधली, पोलाद कोणतं, आत किती जड द्रव किती उंचीपर्यंत भरायचा, सगळं त्या पितळेवर. ती पाटी वाचून टाकी तपासायला ज्या बाईंना बोलावलं होतं, त्यांचा राग एरवीही नाकावरच असायचा. आज तो तिथून खाली यायलाच तयार नव्हता.

त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे टाकीबाई. उभा जन्म टाक्या ठोकून, खरवडून, मोजून पाहण्यात गेलेला, तेव्हा दुसरं म्हणणार तरी काय? त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि मॅडमपेक्षा ते बरंच आवडायचं.

"आता काय करायचं?" साहेब म्हणाले. साहेब म्हणजे टाक्यांच्या या आगाराचे व्यवस्थापक. "पण अडत नाही काही. माझ्या मोबाईलमध्ये पाटीचा स्वच्छ फोटो आहे. तुम्ही फोटोवरून करा."

"फोटो कशाला?" मुकादम म्हणाला. त्याला कुठल्याही अडचणीत आनंदच व्हायचा. "कोरणारा आपल्या ओळखीतला आहे. दुपारपर्यंत नवी पाटी करून आणतो. बोला, आणू का?"

"भंगारात गेली असणार," स्टोअरकीपर बाई म्हणाल्या. "पितळ कोणी सोडतं का? माझ्या स्टोअरमधून काही गेलेलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते."

पाचवा माणूस काही बोलला नाही. तो इथला देखभालीचा अभियंता आणि टाकीबाईंचा सख्खा धाकटा भाऊ, घरातला पिट्या. फाटकावर बहिणीची बॅग त्यानंच उचलून घेतली होती, तिचा चहा होईपर्यंत आपल्या खोलीत ठेवली होती आणि आता ती खांद्याला लावून तो टाकीकडे बघत उभा होता. भावाच्या कामावर बहिणीनं तपासणी करावी हे टाकीबाईंना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं. पण साहेबांचा हट्ट, "घरचंच माणूस बरं." घरचं माणूस डोळे मिटून सही करतं असा त्यांचा समज होता. या एका समजापायी टाकीबाईंनी कित्येक नातेवाईक गमावले होते.

साहेबांनी फाटक बंद करायला लावलं. पहारेकऱ्यानं सगळ्यांच्या पिशव्या, कपाटं, डबे, मोटारसायकलींच्या डिक्क्या पालथ्या घातल्या. शेवटी त्याचा हात पिट्याच्या खांद्यावरच्या बॅगेकडे गेला, तसे साहेब त्याच्या अंगावर ओरडले, "अरे, ती मॅडमची बॅग! तपासायला आलेल्या माणसाचीच झडती घेतोस? अक्कल आहे का?"

पहारेकऱ्यानं हात मागे घेतला. पाटी काही सापडली नाही.

टाकीबाईंचं लक्ष मात्र त्या पत्र्यावर होतं. पाटीचे चारही स्क्रू चार भोकांत परत बसवलेले होते, हातानं नीट घट्ट करून. चोर पाटी घेऊन गेला आणि स्क्रू ठेवून गेला. त्यांना काहीतरी खुपलं. पण साहेबांची टकळी अशी चालली होती की धड विचारही करता येईना.

२

साहेबांच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर मळीच्या टँकरची रांग दिसत होती. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, चिकट, जडशीळ पाक. चार नंबरच्या टाकीत आजवर तेलच भरत. आता तेलाचं काम सुटलं होतं, मळीचं मिळालं होतं आणि साहेबांना त्याच टाकीत काठोकाठ मळी भरायची होती. टाकीबाईंनी सही केली की संध्याकाळी पंप सुरू.

"हा बघा फोटो," साहेबांनी मोबाईल पुढे केला. "वाचा. मळीएवढा जड द्रव, पूर्ण उंचीपर्यंत. छापलेलं आहे."

"कोरलेलं आहे," टाकीबाई म्हणाल्या. "पण कोणाच्या पाटीवर?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाटी समोर हवी. फोटोला मागची बाजू नसते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, मी तुमच्यासारखा शिकलेला नाही टाक्यांत. पण मला एवढं कळतं की दोन पुस्तकं आहेत. एक नवी टाकी बांधायचं मानक, एक जुनी टाकी सांभाळायचं. बांधायचं कडक आहे. सांभाळायचं जरा सैल आहे, त्यात झीज चालते. आपली टाकी जुनी, तेव्हा आपण सैल घेऊ. संपलं!"

हे वाक्य टाकीबाईंनी इतक्या साहेबांच्या तोंडून इतक्या खोल्यांत ऐकलं होतं की त्यांना वाटे, हे कुठंतरी शिकवत असावेत.

"मानक म्हणजे चप्पल नव्हे, एक चावली की दुसरी घालायला," त्या म्हणाल्या. "सांभाळायचं मानक झीज मान्य करतं, ती ज्या कामासाठी टाकी बांधली त्याच कामासाठी. तुम्ही कामच बदलताय. तेलाच्या जागी मळी. मग आधी विचारावं लागतं, ही मुळात बांधली कशासाठी? पोलाद कोणतं, जाडी किती? आणि ते माहीत नसेल तर नियम सरळ आहे. सगळ्यात कमकुवत पोलाद धरायचं, नव्यानं गणित करायचं, आणि तोवर नवा माल भरायचा नाही."

"पाण्यानं भरून तपासली होती की! काठोकाठ. थेंब गळला नाही."

"पाण्यानं," टाकीबाई म्हणाल्या.

"हो. पाण्यानं."

साहेबांना त्या शब्दात काही वावगं दिसेना. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचा टाकीबाईंना कंटाळा आला. त्या उठल्या, दाराशी उभ्या असलेल्या भावाच्या हातून बॅग ओढून घेतली आणि बाहेर पडल्या. बॅग खांद्याला बरीच रुतली. वय झालं आपलं, त्यांच्या मनात आलं, आणि त्याचाही राग आला.

३

मुकादम बरोबर आला. तो बोलत होता, त्या मोजत होत्या.

जाडी मोजायचं यंत्र बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात होतं. टाकीच्या तळाशी ते टेकवलं आणि नेमकी त्याची बॅटरी गेली. टाकीबाईंनी छोट्या पेचकसानं झाकणाचे दोन स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, स्क्रू परत रिकाम्या भोकांत दोन पिळे देऊन उभे केले, आणि मग बॅटरी बदलली.

मुकादम हसला. "हे काय मॅडम? झाकण बाहेर आणि स्क्रू आत? आमच्याकडे काढलेला स्क्रू पुन्हा दिसला तर शपथ."

"आमचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे," त्या म्हणाल्या. "हातात ठेवला तर हरवतो, खिशात ठेवला तर विसरतो, म्हणायचे. ज्याच्या त्याच्या भोकात ठेवा. आता हात आपोआपच करतो."

मग त्या टाकीभोवती फिरत गेल्या. तळाचा पत्रा पाटीच्या फोटोत लिहिला होता त्याहून बराच पातळ निघाला.

"गंजली असेल," मुकादम म्हणाला. "म्हातारी झाली बिचारी."

टाकीबाईंनी पुढे मोजलं. पुन्हा तेवढाच. उन्हाच्या बाजूला तेवढाच, सावलीच्या बाजूला तेवढाच, पाइपापाशी तेवढाच. त्या थांबल्या. गंज कधी असा शहाण्यासारखा खात नाही. तो इथं कुरतडतो, तिथं सोडतो, पाणी साचतं तिथं बसून खातो. चारी बाजूंनी सारखी पातळ असलेली टाकी झिजलेली नसते. ती पहिल्यापासूनच पातळ असते.

त्या जिन्यापाशी परत आल्या आणि पाटीमागच्या तुकतुकीत चौकोनावर चाकूचं टोक घासलं. वर मलई रंग. त्याच्याखाली चंदेरी. चंदेरीखाली राखी. राखीखाली लोखंडाला पहिल्यांदा लावतात तो तांबडा.

"मुकादम, या टाकीला आजवर किती वेळा रंग दिला?"

"तीनदा. राखी, चंदेरी, मलई. मलई मीच दिला की!"

"रंग देताना पाटी काढता?"

"छे! पाटीवर ग्रीस फासायचं, कागद चिकटवायचा आणि बाजूनं रंग मारायचा. पाटी काढली तर ती परत कोण लावणार?"

"मग पाटीच्या खाली तिन्ही रंग कसे?"

मुकादमानं चौकोन पाहिला, बाईंकडे पाहिलं, आणि नखानं रंग खरवडायला लागला. टाकीबाईंनी त्याला टाकीच्या पलीकडच्या बाजूला नेलं. तळाशी माणूस आत शिरेल एवढं गोल झाकण, मॅनहोल. त्याच्या बरोबर वर लोखंडी पट्ट्यांची एक छोटी चौकट होती, रिकामी, रंगांच्या थरांनी बुजत आलेली.

"बांधणीचं मानक पाटी लावायला सांगतं ती इथं, मॅनहोलपाशी," टाकीबाई म्हणाल्या. "हिची खरी पाटी इथं होती. कधीचीच गेली. जिन्यापाशी होती ती कोणाची?"

मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "मला साहेबांनी हाक मारली वाटतं," आणि निघून गेला. हाक कोणीच मारली नव्हती.

४

स्टोअरमध्ये पंखा गरगरत होता आणि स्टोअरकीपर बाई टेबलावर दोन्ही हात पसरून कागद धरून बसल्या होत्या. एक कागद उडून टाकीबाईंच्या पायाशी आला.

"बघा हे!" बाई करवादल्या. "दिवसभर हेच. पंखा बंद केला तर घामाच्या धारा, चालू केला तर कागदांमागे पळा. पूर्वी काय छान वजन होतं माझ्याकडे! एकदा ठेवलं की कागदाची हालायची टाप नव्हती. नेलं मुकादमानं."

टाकीबाई दारातच थांबल्या. "कसलं वजन?"

"पितळेचं. सात नंबरची टाकी तोडली ना, चारची जुळी बहीण, तेव्हा मुकादमानं तिची पाटी आणून दिली होती. म्हणाला, ताई, तुमच्या टेबलाला शोभेल. पुढे ऑडिटवाले येणार म्हणून आरडाओरडा झाला. प्रत्येक टाकीवर पाटी दिसलीच पाहिजे म्हणाले. चारवर पाटी नव्हती. साहेब मुकादमाला म्हणाले, काहीही कर, उद्या पाटी दिसली पाहिजे. त्यानं माझं वजन उचललं, मागे चुन्यानं सात लिहिलेलं होतं ते पुसायचेही कष्ट घेतले नाहीत, आणि ठोकून दिलं. ऑडिटवाले आले, पाटी दिसली, बरोबरची खूण करून चहा पिऊन गेले."

"पाटी त्याच टाकीची आहे का, हे नाही विचारलं कोणी?"

"तसं कुठं लिहिलेलं होतं?" बाईंनी खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं.

टाकीबाई स्टुलावर बसल्या. दोन टाक्या, एकाच मापाच्या, जुळ्या. फक्त सात नंबर मळीसाठी बांधलेली, जाड पत्र्याची. चार नंबर तेलासाठी, पातळ. सात गेली भंगारात आणि तिचा जन्मदाखला चिकटला चारला. कोणी लबाडी केली नव्हती. कोणालाच काही वाईट करायचं नव्हतं. पाटी हवी होती, पाटी लावली. लबाड माणसाचा निदान राग तरी धरता येतो. यांचं काय करायचं?

"आणि हे आणखी कोणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"अभियंत्यांना, परवाच. तेही असेच कागद पकडायला धावले होते, तेव्हा विषय निघाला. ऐकून पांढरे फटक पडले बघा. पाणी दिलं मी त्यांना."

५

आगाराच्या कुंपणाची भिंत कमरेएवढीच होती. टाकीबाई तिच्यावर बसल्या आणि बॅग मांडीवर घेतली.

भिंतीपलीकडे आगारानं कामगारांना दिलेल्या घरांची ओळ होती. तिसऱ्या दारात त्यांची भाची पायरीवर बसून खडूनं काहीतरी काढत होती. आत्याला बघून तिनं हात हलवला. टाकीबाईंनीही हलवला. मग मागे वळून टाकीकडे पाहिलं. काठोकाठ मळीनं भरलेली ती टाकी फाटली, तर तो पाक या भिंतीला विचारणारही नव्हता. पायरी, खडू, पोर, काही ठेवणार नव्हता.

त्यांनी सकाळपासूनचं एकेक आठवलं.

पाटी पितळेसाठी नेली नव्हती. शेजारच्या टाक्यांवर तशाच पाट्या होत्या, त्यांना कोणी हात लावला नव्हता. मग पाटी जाण्याचा फायदा कोणाला? साहेबांना वाटत होतं, पाटी गेली तर फोटो चालतो. मुकादमाला वाटत होतं, पाटी गेली तर दुसरी ठोकावी. स्टोअरकीपर बाईंना वाटत होतं, भंगार. तिघांनीही पाटी नसण्याचा अर्थ लावला तो आपापल्या अकलेप्रमाणे, आणि तिघांनाही वाटत होतं की टाकी भरायला हरकत नाही. पाटी नसेल तर भरणं थांबतं, सगळ्यात कमकुवत पोलाद धरावं लागतं, हे या आगारात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याला ते त्यांनीच शिकवलं होतं, वडिलांच्या रेडिओच्या टेबलावर बसवून, कान पिळून.

आणि सकाळी पाटी गेल्यावर तोच एकटा काही बोलला नव्हता.

स्क्रू भोकांत परत बसवलेले. ते त्यांना तेव्हाच खुपलं होतं. आपल्याच हाताची सवय दुसऱ्याच्या चोरीत दिसली होती. मनानं बघायचं नाकारलं, इतकंच.

मग पाटी कुठं? सगळ्यांच्या पिशव्या, कपाटं, डिक्क्या झाल्या होत्या. आगारातली एकच पिशवी कोणी उघडली नव्हती.

टाकीबाईंचा हात मांडीवरच्या बॅगेवर होता. खांदा अजून ठणकत होता. त्यांनी वरून दाबून पाहिलं. तळाशी, जुन्या बॉयलर सूटखाली, वहीएवढं काहीतरी कडक होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. ही पाटी त्यांच्या बॅगेत सापडली असती तर? त्यांच्या सहीला पुन्हा कोणी कुत्रंही विचारलं नसतं, आणि साहेबांनी संध्याकाळी दुसऱ्या कोणाची तरी सही घेऊन पंप सुरू केला असता. त्यांनी बॅगेची चेन अर्ध्यावर आणली आणि परत लावली. आपण काढायची नाही. ज्यानं ठेवली त्यानंच काढली पाहिजे.

६

साहेबांच्या खोलीत पुन्हा पाचही जण जमले. टाकीबाईंनी टेबलावर दोन सारख्या बाटल्या ठेवल्या, एक पाण्याची, एक टँकरमधून भरून आणलेली मळीची.

"साहेब, दोन्ही हातांत एकेक घ्या."

साहेबांनी घेतल्या. मळीचा हात आपोआप खाली गेला.

"तुमची पाण्याची चाचणी ती ही," टाकीबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही भरणार आहात ते हे. चार नंबर तेलासाठी बांधलेली टाकी आहे, आणि तेल पाण्यापेक्षाही हलकं. फोटोतली पाटी तिची नाहीच. ती सात नंबरची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सारखी पातळ जाडी, पाटीखालचे तीन रंग, मॅनहोलवरची रिकामी चौकट, कागदांवरचं वजन. मुकादम खाली बघू लागला. स्टोअरकीपर बाई म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, माझं वजन नेऊ नका."

साहेबांनी बाटल्या खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण हार मानतील तर ते साहेब कसले? "हे सगळे तर्क झाले. पाटी कुठं आहे? चोर कोण आहे? पाटी आणा, मागे सात लिहिलेलं दाखवा, मी मानतो. नाहीतर माझ्याकडे फोटो आहे."

टाकीबाईंनी बॅग उचलली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. मग त्या भावाकडे वळल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उघड," त्या म्हणाल्या.

पिट्यानं बॅगेकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"पिट्या, मी उघडली तर पाटी माझ्याकडे सापडली असं होईल. तू उघडलीस तर जे झालं ते होईल. उघड."

पिट्यानं पुढे होऊन चेन ओढली, बॉयलर सूट बाजूला केला आणि पाटी बाहेर काढून टेबलावर पालथी ठेवली. मागे चुन्याचा फिकट सात.

"अच्छा!" साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे भाऊ-बहीण मिळून..."

"ताईला माहीत नव्हतं," पिट्या म्हणाला. "मी काढली, मीच तिच्या बॅगेत ठेवली. झडती तिची होणार नाही, हे माहीत होतं. साहेब, मागे मी पाटी बघून तुम्हाला सांगितलं होतं, मळी पेलेल. पाटीवर विश्वास ठेवला, जाडी मोजली नाही. परवा कळलं, तेव्हा मोजली. तुमच्याकडे आलो होतो."

"काही सांगितलं नाहीस तू मला!"

"टाकीबद्दल बोलायचंय म्हटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, जे मानक लावलं की बसतं ते लाव आणि जा. आणि मी गेलो." त्यानं बहिणीकडे पाहिलं. "चूक झाली हे तोंडानं म्हणावं लागू नये म्हणून पाटी काढली. वाटलं, पाटी नसली की ताई नियमानं थांबवेल, आणि माझं नाव कुठं यायचंच नाही. यांच्याकडे फोटो असेल हे डोक्यातच आलं नाही."

"पाटी काढायला पेचकस सापडला तुला," टाकीबाई कडाडल्या. "तोंड उघडायला काय लागत होतं? समोर उभा होतास! सकाळी, फाटकावर, चहाला! एक वाक्य! तुझी पोर त्या भिंतीमागे खडूनं घर काढतेय, आणि तू माझ्या खांद्यावर पाटी लादून गप्प?"

पिट्या मान खाली घालून उभा राहिला, लहानपणी रेडिओचं काचेचं बटण फोडून उभा राहिला होता तसा.

साहेबांनी पाटीच्या पाठीवरच्या सातवरून बोट फिरवलं. मग त्यांनी खिडकीतून टँकरच्या रांगेकडे पाहिलं. "निम्मी?" त्यांनी हळूच विचारलं. "निम्मी तरी भरता येईल?"

टाकीबाईंनी डोळे मिटून घेतले. एवढं रामायण झाल्यावर हा प्रश्न! पण प्रश्न बरोबर होता, हेच वाईट. "कदाचित," त्या म्हणाल्या. "पोलादाचा तुकडा तपासून, जाडी धरून, गणित करून सांगेन, किती उंचीपर्यंत. आज नाही. आज एक बादलीही नाही. आणि ते पाटीच्या जागी लिहायचं, मॅनहोलपाशी, खरं खरं."

साहेबांनी फोन उचलला आणि टँकर परत पाठवायला सांगितलं. फोन ठेवून ते पिट्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं उद्या बघू." त्यांनी त्याला एवढ्या वर्षांत कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. सगळे काय समजायचं ते समजले.

बहीण-भाऊ टाकीपाशी आले. टाकीबाईंनी खिशातला पेचकस भावापुढे धरला. "ते चार स्क्रू काढ."

"भोकात राहू देत ना. बाबा म्हणायचे..."

"पाटी परत लागणार असेल तर बाबा म्हणायचे. इथं कोणाला पुन्हा काही लावायची हौस यायला नको. काढ आणि फेकून दे."

त्यानं एकेक स्क्रू काढला आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. दूरवर पहिल्या टँकरनं इंजिन सुरू केलं. भिंतीपलीकडून पोरीनं बापाला हाक मारली, आई चहाला बोलावतेय म्हणून.

"ताई," पिट्या म्हणाला, "घर सोडावं लागेल बहुतेक."

"लागेल," टाकीबाई म्हणाल्या. "पण सगळे आपापल्या पायांनी बाहेर पडाल."

त्यावर तो रडला. टाकीबाईंनी रडू दिलं, मग खिशातल्या रुमालाची घडी त्याच्या हातात कोंबली आणि घराकडे चालू लागल्या. पिट्यानं नाक पुसलं, धावत येऊन त्यांच्या खांद्यावरच्या बॅगेला हात घातला.

"राहू दे," टाकीबाई म्हणाल्या, आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.